घाटमाथ्यावरचे गाव : इगतपुरीची वस्ती व तिचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली जातात. कोणी कळस दिला, कोणी घंटा दिली, कोणी एका दिवसाच्या अन्नदानाचा भार उचलला, हे पुढच्या पिढीला वाचता येते. गावाचे मात्र तसे नाही. गाव कोणी वसवले, कोण कोठून आले, कशासाठी आले आणि कशामुळे राहिले, हे कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नसते. ते जुन्या दप्तरांत, शिरगणतीच्या तक्त्यांत आणि जमिनीवर उरलेल्या खुणांत शोधावे लागते. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी घाटमाथ्यावरील इगतपुरी गावाची अशी हकीकत थोडक्यात सांगणे उचित होईल. कारण पंचक्रोशीतील प्रत्येक वाडी-वस्तीचे नशीब गेली दीडशेहून अधिक वर्षे या गावाशी बांधले गेले आहे.

स्थान आणि नाव

नाशिक जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर इगतपुरी वसले आहे. पश्चिमेला थळघाट, ज्याला आता सर्वजण कसारा घाट म्हणतात, तो एकदम कोकणात उतरतो. दक्षिणेला अलंग, मदन व कुलंग हे बेलाग किल्ले आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. उत्तरेला त्रिंगलवाडी आणि कावनई. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर जाते. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब ओढ्यानाल्यांनी अरबी समुद्राला मिळतो आणि पूर्वेला पडलेला थेंब दारणेतून गोदावरीत व तेथून बंगालच्या उपसागरात जातो. एकाच गावच्या पागोळ्या, पण वाटा दोन दिशांच्या. येथील माणसांच्या बाबतीतही पुढे तसेच झाले.

इंग्रजी अमदानीतील जुन्या गॅझेटियरात या गावाचे मूळ नाव ‘विगतपुरी’ असल्याचे सांगून त्याचा अर्थ ‘अडचणीचे गाव’ असा दिला आहे. येथे पोहोचण्याची वाट इतकी खडतर होती, म्हणून हे नाव पडले असे त्यात म्हटले आहे. नावाची व्युत्पत्ती पंडितांनी ठरवावी. परंतु घाट चढून आलेल्या माणसाला व बैलाला येथे दम खावाच लागे, यात शंका नाही. या गावाचा सारा इतिहास या दम खाण्यातच आहे. माणूस येथे थांबला म्हणून गाव झाले.

रुळांपूर्वीचा काळ

थळघाटाची वाट फार जुनी. कोकणातील बंदरांवरून नाशिककडे जाणारा माल, मीठ, कापड आणि यात्रेकरू याच वाटेने वर येत. वाटेवर पहारा ठेवण्यासाठीच आसपासचे किल्ले बांधले गेले असावेत, हे त्यांच्या जागा पाहिल्या की ध्यानात येते. त्रिंगलवाडीच्या पायथ्याशी असलेल्या जैन लेण्यात इ. स. १३४४ चा शिलालेख आहे. म्हणजे सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी या डोंगरात धर्मकार्यासाठी दगड कोरणारे आणि त्याचा खर्च उचलणारे लोक होते. कावनईला कपिलधारा तीर्थ आहे आणि तेथे सिंहस्थाची परंपरा सांगितली जाते. पिंप्री सद्रोद्दीन या गावाच्या नावातच तेथील पीराचे नाव आहे व त्या दर्ग्याला सर्व जातिधर्मांचे लोक नवस बोलत आले आहेत. घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचे स्थान. घाट उतरण्याआधी आणि चढून आल्यावर देवीपुढे हात जोडायचे, हा वाटसरूंचा रिवाज पुढे मोटारी आणि मालट्रक हाकणाऱ्यांनीही चालू ठेवला.

१८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि पाठोपाठ कावनई, त्रिंगलवाडी यांसारखे भोवतालचे किल्लेही शरण गेले. किल्ल्यांचे महत्त्व तेथेच संपले. त्या काळच्या महसुली कागदांत या भागासाठी कावनईचे नाव ठळकपणे दिसते. इगतपुरी हे तेव्हा घाटमाथ्यावरचे एक लहान खेडे होते. भोवती महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या आणि कुणबी-मराठ्यांची गावे. भात, नागली, वरई, खुरासणी ही पिके. पावसाळ्यात शेती आणि उन्हाळ्यात रान, असे जीवन होते. मुंबई-आग्रा रस्ता घाटातून वर आला तेव्हा गाडीवानांचे तळ पडू लागले. तरीही गावाला शहर म्हणावे असे काही नव्हते.

घाट फोडला आणि गाव वसले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढील वर्षी ती कल्याणला पोहोचली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जी. आय. पी. रेल्वेचा डोळा वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर आणि त्यापलीकडच्या उत्तर हिंदुस्थानवर होता. पण मध्ये सह्याद्री आडवा उभा होता. त्याला ओलांडण्यासाठी दोन वाटा निवडल्या गेल्या : पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट आणि नाशिककडे जाण्यासाठी थळघाट.

येथे एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. १ जानेवारी १८६१ रोजी मुंबईकडून रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली. त्याच महिन्यात, २८ जानेवारी १८६१ रोजी, इगतपुरी ते नाशिकरोड हा वरचा लोहमार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र अजून फुटायचा होता. त्यामुळे चार वर्षे असा प्रकार होता, की घाटाखाली रेल्वे होती, घाटावर रेल्वे होती आणि मधली चढण रस्त्याने पार करावी लागे. वरच्या मार्गाचे जड सामान या चढणीनेच वर आणावे लागले. उतारूंनाही एक गाडी सोडून दुसरी गाठावी लागे. जेथे गाडी बदलावी लागते तेथे माणूस थांबतो, जेवतो, मुक्काम करतो. हमाल लागतो, गाडीवान लागतो, वाणी लागतो, लोहार लागतो. इगतपुरीची बाजारपेठ आकाराला येऊ लागली ती या चार वर्षांत.

घाटाचे काम सोपे नव्हते. सुमारे साडेनऊ मैलांच्या अंतरात रुळांना जवळजवळ हजार फूट चढायचे होते. जास्तीत जास्त चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. त्यासाठी काळ्या फत्तरात बोगदे पाडावे लागले आणि दऱ्यांवर उंच पूल बांधावे लागले. एहेगावचा पूल तर सुमारे १८० फूट उंचीचा. सलग चढ साधेना म्हणून मध्ये एका ठिकाणी गाडीची दिशा उलटवण्याचे स्टेशनही त्या काळी ठेवले होते. पुढे मार्गात सुधारणा झाल्यावर ते बंद झाले. या कामाचा आराखडा ज्यांच्या देखरेखीखाली झाला, ते जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले १८६२ मध्ये वारले. थळघाटातून गाडी चढलेली त्यांना पाहता आली नाही.

बर्कले यांचे नाव निदान पुस्तकांत राहिले. परंतु ज्या हजारो मजुरांनी सुरुंग लावले, फत्तर फोडले आणि टोपल्या वाहिल्या, त्यांची नावे कोठे आहेत? पावसाळ्यातील ताप, पटकीची साथ, सुरुंगाचे व दरडीचे अपघात यांत अशा घाटकामांवर किती माणसे दगावली, त्यांची समाधी नाही की दगड नाही. त्यांच्यातील जे वाचले, त्यांतले काही येथेच राहिले. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी मार्ग खुला झाला आणि मुंबईहून निघालेली गाडी प्रथमच घाट चढून माथ्यावर आली. इगतपुरीच्या वस्तीचा खरा पाया त्या दिवशी घातला गेला.

इंजिन बदलण्याचे गाव

घाट फुटल्यावर गाडी न थांबता पुढे जाईल आणि गावाचे महत्त्व संपेल, असे कोणाला वाटले असल्यास ते खोटे ठरले. झाले उलटेच. घाट चढायला जादा ताकदीची इंजिने लागत. कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडायची, माथ्यावर ती सोडवायची, पुढच्या सपाटीसाठी निराळे इंजिन लावायचे, असा क्रम पडला. वाफेच्या इंजिनाला कोळसा व पाणी लागे. राख काढावी लागे, दुरुस्ती लागे. म्हणून इगतपुरीला रेल्वेचे कारखाने व लोको शेड आले. उतरणाऱ्या गाडीची तर आणखी काळजी. घाट उतरण्याआधी ब्रेकची तपासणी केल्याखेरीज गाडी सोडायची नाही, हा नियम. घाटात कॅच सायडिंग ठेवलेले. गाडी हाताबाहेर गेली तर ती आपोआप चढाच्या बाजूच्या रुळावर जाऊन थांबावी, अशी योजना.

या सर्व कामाला माणसे लागली. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर, पॉइंट्समन, सांधेवाले, गँगमन, खलाशी, कोळसा भरणारे. साहेब लोक आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आले. गोव्याचे ख्रिस्ती आले. उत्तर हिंदुस्थानी, मद्रासी, पारशी, मुसलमान आले. देशावरून व कोकणातून मराठी माणसे आली. गावकुसाबाहेर राहावे लागलेल्या कितीतरी दलित कुटुंबांना रेल्वेच्या नोकरीने पहिल्यांदा रोकड पगार आणि पक्की खोली दिली. टेकडीवर बंगले, खाली चाळी, त्यापलीकडे बाजार, अशी गावाची मांडणी झाली. मंदिर, मशीद, चर्च हाकेच्या अंतरावर उभी राहिली. मुंबईचा उन्हाळा सोसेना म्हणून गोरे लोक एप्रिल-मे महिन्यांत येथे हवापालटासाठी येऊन राहत. नगरपालिका आली, तालुक्याची कचेरी आली, शाळा आल्या, दवाखाना आला. कावनई मागे पडली आणि कारभार रुळांच्या कडेला आला.

रेल्वेच्या गावाचे जीवनही वेगळेच. येथे दिवस-रात्र असा भेद नसे. मध्यरात्री कॉलबॉय दारावर येऊन हाक मारी आणि ड्रायव्हर डबा घेऊन अंधारात चालू लागे. घरातली बाई इंजिनाच्या शिट्टीवरून ओळखत असे, की गाडी घाट चढून आली, आता चूल पेटवायला हरकत नाही. पावसात दरड कोसळली की साऱ्या गावाचा जीव टांगणीला. गाडी फलाटावर दहा-पंधरा मिनिटे थांबे. तेवढ्या वेळात चहा, वडे, काकड्या, करवंदे विकणाऱ्यांची धांदल उडे. आसपासच्या वाड्यांतील ठाकर-कातकरी बायांना जांभळे-करवंदांचे चार पैसे मिळत ते या थांब्यामुळेच. गाडी जितकी अधिक वेळ थांबे, तितके गाव अधिक जेवत असे.

शिरगणतीचे आकडे काय सांगतात

वस्तीची मोजणी हे सरकारी काम असले तरी त्यात गावाची नाडी सापडते. हिंदुस्थानात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी नियमितपणे होऊ लागली. १९०१ साली इगतपुरीची लोकसंख्या सात हजारांवर होती. डोंगरावरील एका खेड्याची ही वाढ अवघ्या चाळीस वर्षांतली होती. २००१ साली ती ३१,५७२ झाली. म्हणजे एका शतकात चौपटीहून अधिक.

त्या काळच्या मोजणीची एक पद्धत या गावाच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. १९३१ पर्यंत शिरगणती एका ठरलेल्या रात्री होत असे. त्या रात्री जो जेथे असेल तेथे तो मोजला जाई. रेल्वेच्या उतारूंसाठी स्टेशनांवर आणि गाड्यांत मोजणीची खास व्यवस्था करावी लागे. तेव्हा रात्री रनिंग रूममध्ये झोपलेला भुसावळचा ड्रायव्हर इगतपुरीच्या मोजणीत येई आणि इगतपुरीचा गार्ड दुसऱ्याच गावच्या पदरात पडे. १९४१ पासून ही पद्धत बदलली आणि माणसाचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण पाहिले जाऊ लागले. थांबलेला कोण आणि राहणारा कोण, हा भेद शिरगणतीने तेव्हापासून केला. इगतपुरीला मात्र तो भेद कळायला आणखी अर्धे शतक लागले.

२०११ साली पुन्हा मोजणी झाली आणि इगतपुरीची लोकसंख्या ३०,९८९ भरली. दहा वर्षांत ५८३ माणसे कमी. आकडा लहान आहे. पण त्याच दहा वर्षांत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ४९,९३,७९६ वरून ६१,०७,१८७ वर गेली, म्हणजे अकरा लाखांनी वाढली. जिल्हा इतका फुगत असताना, मुंबई-नाशिकच्या हमरस्त्यावर आणि लोहमार्गावर बसलेले तालुक्याचे गाव जागच्या जागी थांबते, किंबहुना थोडे मागे सरते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. साथ आली नाही, दुष्काळ पडला नाही. मग माणसे गेली कोठे?

थांबा कमी झाला

याचे उत्तर पुन्हा रुळांवरच शोधावे लागते. १९२९-३० च्या सुमारास मुंबईकडून विजेची तार इगतपुरीपर्यंत आली आणि घाटात विजेची इंजिने धावू लागली. इगतपुरीच्या पुढे मात्र वाफच होती. त्यामुळे इंजिन बदलणे चालूच राहिले. साठीच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावरही वीज आली, पण ती निराळ्या जातीची. मुंबईकडे १५०० व्होल्टचा डी.सी. प्रवाह, तर भुसावळकडे २५ हजार व्होल्टचा ए.सी. प्रवाह. दोन्हींचा सांधा इगतपुरीला. त्यामुळे वाफ गेली तरी इंजिन बदलण्याचे काम राहिले आणि गावाची भाकर शाबूत राहिली. मात्र कोळसा भरणारा, राख काढणारा, बॉयलर दुरुस्त करणारा यांची कामे वाफेबरोबरच गेली.

पुढे नव्वदीच्या दशकात दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. मग मुंबईकडील डी.सी. तारा टप्प्याटप्प्याने बदलण्यात आल्या आणि २०१५ पर्यंत मुंबईपर्यंतच्या मुख्य मार्गावर सर्वत्र ए.सी. प्रवाह झाला. इगतपुरीचा सांधा उरला नाही. २०१९ च्या जानेवारीत मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीकडे राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली. तिला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन लावण्याची सोय झाली आणि घाट चढण्यासाठी कसाऱ्याला वेगळे बँकर जोडण्यात जाणारा वेळ वाचला. देशाच्या दृष्टीने ही प्रगतीच होय. प्रवाशाची मिनिटे वाचली. परंतु ती मिनिटे ज्यांची रोजी होती, त्यांचे काय, हा हिशेब कोणत्याही वेळापत्रकात मांडलेला नाही. वस्ती घटण्याचे हे एकच कारण आहे असे म्हणता येणार नाही. मुलांची शिक्षणे, लहान कुटुंबे, नाशिकची कारखानदारी, कल्याण-डोंबिवलीकडचा ओढा ही कारणेही आहेतच. पण ज्या गावाची उभारणी एका कामावर झाली, ते काम आटले की वाढ खुंटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

रस्त्याचेही तेच. मुंबई-आग्रा महामार्ग रुंद झाला, मोटारी सुसाट झाल्या. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावर सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा गेला आहे. ज्या घाटात एके काळी बैलाच्या तोंडाला फेस येई, तो आता मोटारीतून काही मिनिटांत, पाऊस-धुके न पाहता पार होतो. ‘अडचणीच्या गावा’ची अडचण दूर झाली. आता येथे कोणाला दम खाण्याची गरज नाही.

तालुक्याची स्थिती

गावाबरोबर तालुक्याचाही विचार केला पाहिजे. २०११ च्या मोजणीत तालुक्याची लोकसंख्या सुमारे अडीच लाख होती आणि तीत आदिवासी बांधवांचा वाटा मोठा आहे. तांदळामुळे घोटीची पेठ वाढली, भातगिरण्या चालल्या. १९१६ मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण याच तालुक्यात आहे. पुढे वैतरणा, मुकणे, भावली, भाम अशी धरणे झाली. त्यांचे पाणी नाशिक-नगरच्या शेतीला, मराठवाड्याला आणि मुंबईला गेले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन मैल-मैल चालत आल्या. ‘धरण उशाशी आणि कोरड घशाशी’ ही म्हण या तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

भाताची कापणी आटोपली की डोंगरातील वाड्यांवरची कुटुंबे द्राक्षबागांवर, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात आणि मिरगाच्या आधी परततात. शिरगणती नेमकी फेब्रुवारीत होत आली. त्या दिवसांत अनेक घरांना कडी घातलेली असते. तेव्हा कागदावरचा आकडा आणि गावचे खरे माणूसबळ यांत अंतर पडते, हे ध्यानात ठेवावे लागते.

गावाने नवी कामे शोधली नाहीत असे नाही. १९७६ मध्ये सत्यनारायण गोयंका यांच्या मार्गदर्शनाखाली धम्मगिरी येथे विपश्यनेची शिबिरे सुरू झाली आणि इगतपुरीचे नाव परदेशात पोहोचले. देशोदेशीचे साधक दहा दिवस मौन पाळून जातात. मोटारींची इंजिने बनविणारा कारखाना आला. पावसाळ्यात धबधबे पाहायला मुंबईचे लोक लोटतात, त्यांच्यासाठी हॉटेले व बंगले झाले. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने पहाटे मुंबईला कामावर जायचे आणि रात्री घरी यायचे, असे वर्षानुवर्षे करणारे पासधारक येथे आहेत. बारा-चौदा तास घराबाहेर, पण रात्रीची भाकरी आपल्या गावची. हे लोक गाव सोडून गेले नाहीत, ही गावाची मोठी पुण्याई म्हटली पाहिजे.

मात्र साधक असो, पर्यटक असो, की बंगलेवाला, हे सर्व पुन्हा थांबणारेच. दहा दिवस, दोन दिवस, एक रात्र. त्यांचे स्वागत जरूर असावे. पण थांबणाऱ्यांच्या भरवशावर गाव किती काळ उभे राहते, हे इगतपुरीने एकदा पाहिले आहे. थांबा रेल्वेचा असो की पर्यटकाचा, तो कमी करण्याचा निर्णय दुसरीकडे कोणीतरी घेतो आणि परिणाम गावाला भोगावा लागतो. येथेच शिकून येथेच संसार थाटता येईल असे काम, बारमाही पाणी आणि रात्री-अपरात्री उपयोगी पडेल असा दवाखाना, या तीन गोष्टी असतील तर माणूस राहतो. त्या नसतील तर घरे राहतात आणि माणसे जातात.

देवळाच्या निमित्ताने

जीर्णोद्धारासारख्या कार्यात एक निराळी शिरगणती होते, तिची नोंद कोठे नसली तरी ती खरी असते. देवळाच्या वर्गणीच्या यादीत गावातली घरे असतात. तशीच कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, नाशिक, भुसावळ येथे स्थायिक झालेली घरेही असतात. ज्याचे नाव गावच्या मतदार यादीतून केव्हाच निघाले, ज्याचे घर पडून तेथे आता गवत उगवले, तोही देवळासाठी पावती फाडतो. रेल्वेतून निवृत्त होऊन दूर मुलाकडे राहणारा म्हातारा मनिऑर्डरीच्या जमान्यात जशी रक्कम पाठवीत होता, तशी त्याचा नातू आता फोनवरून पाठवतो. वाडीवरची माउली, जिच्याकडे रोकड नसते, ती पायलीभर तांदूळ आणून देते किंवा दोन दिवस विटा वाहते. सरकारी मोजणीत यांतील निम्मी माणसे गावची धरली जात नाहीत. देवळाच्या यादीत मात्र ती गावचीच.

म्हणून ५८३ माणसे कमी झाली या आकड्याने निराश होण्याचे कारण नाही, पण त्याकडे डोळेझाकही करू नये. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. प्रगणक दारात येईल तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपली नोंद अचूक करून घ्यावी. कामासाठी बाहेर गेलेल्या वाडीवरच्या माणसांची नोंद राहू नये म्हणून शेजाऱ्यांनी व पंचायतीने लक्ष घालावे. कारण पाणीपुरवठा, शाळेच्या तुकड्या, दवाखान्याच्या खाटा हे सारे त्या आकड्यावर बेतले जाते. मोजलाच न गेलेला माणूस सरकारदरबारी तहानलेलाही नसतो आणि आजारीही नसतो.

आणखी एक विनंती सर्व देणगीदारांना. देऊळ पूर्ण झाले म्हणजे कार्य संपले असे समजू नये. दगडाचे काम शंभर वर्षे टिकेल. पण सकाळची पूजा करायला, दिवा लावायला, सप्ताहात वीणा धरायला आणि पालखी खांद्यावर घ्यायला माणसे लागतात. जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पूर्ण व्हायचा असेल, तर जे वर्षातून एकदा यात्रेला येतात त्यांनी गावातील एका मुलाच्या शिक्षणाचा किंवा एका लहान धंद्याचा विचार करावा. जे गावातच आहेत त्यांनी नव्याने येऊन राहणाऱ्याला परका मानू नये. इगतपुरीची सारी वस्ती एके काळी बाहेरूनच आली होती. कोणी फत्तर फोडायला आला, कोणी कोळसा भरायला, कोणी दुकान मांडायला. घाटाने त्यांना थांबवले आणि एकमेकांच्या आधाराने ते येथले झाले.

घाट आता कोणाला थांबवीत नाही. गावात राहायचे की नाही हे यापुढे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. तसे ठरवणाऱ्यांची संख्या वाढो आणि नव्या कळसाखाली पुढची पिढी येथेच नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥